टॉवरबाय गप्प झाली तेव्हा

विमानं आणि टॉवर यांच्यातलं बोलणं मी तीन पावसाळे ऐकलं. त्यातला एकही शब्द माझ्यासाठी नव्हता. तरीसुद्धा दुसरं काही मी इतक्या लक्ष देऊन ऐकलं असेल असं मला वाटत नाही. देवळातलं कीर्तनसुद्धा नाही. कीर्तनात माझा निम्मा जीव घरच्या चुलीत असतो.

मी विमानतळावर गवत कापायचे. कोणी विचारलं आणि मी नुसतं "विमानतळावर" म्हटलं की समोरचा आधी माझ्या साडीकडे बघतो. मग पुढचं सांगावं लागतं. पेडण्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर, विमानतळ झालं तेव्हा आमच्या गावातल्या पाच जणींना कंत्राटदाराने कामावर घेतलं. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना मैलभर गवत असतं. मोठं गवत ट्रॅक्टर कापतो. पण धावपट्टीच्या कडेला दिवे असतात, आकडे लिहिलेल्या पाट्या असतात, पाण्याचे नाले असतात. तिथे ट्रॅक्टर गेला तर दिवाच उपटून काढील. तिथे विळा लागतो आणि बसून काम करणारी बाई लागते.

गवत वीतभर ठेवायचं, हा नियम. मला आधी त्याचं नवल वाटलं. एकदाच मुळापासून कापलं तर पुन्हा पुन्हा यायला नको. पण तसं केलं की टिटव्या येतात. त्यांना उघडी जमीन लागते. आणि गवत वाढू दिलं की त्यात उंदीर होतात, उंदरांमागे साप, आणि सापांवर घारी. विमानाला टिटवीही चालत नाही आणि घारही चालत नाही. म्हणून वीतभर. आमच्यातली शेवंती म्हणायची, "सासूक बरी सून कशी जाय? फुडें येवंक नाका, फाटीं रावंक नाका. तशें हें तण." आमच्या बोलीत जाय म्हणजे हवी.

शेवंती बोलायची आणि मी ऐकायचे. आमची जोडी तशीच होती. मला चार लोकांत तोंड उघडवत नाही. माझं माहेर आमोण्याचं. तिथल्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. मास्तरांनी उभं केलं की येत असलेला धडासुद्धा घशात अडकायचा. पाटीवर मात्र सगळं बरोबर लिहायचे. अजूनही मला काही सांगायचं असलं की आधी कागद आठवतो.

आमच्याबरोबर जीप असायची आणि जीपमध्ये टॉवरशी बोलायचा वायरलेस सेट. तो सांभाळायचा परशराम. आमचा मुकादम तोच आणि ड्रायव्हरही तोच. बेळगावकडचा, तिशी-पस्तिशीचा, बायको आणि बालवाडीतली मुलगी घेऊन इथे भाड्याच्या खोलीत राहायचा. मला आक्का म्हणायचा. धावपट्टीजवळ जायचं तर त्याने आधी सेटवरून टॉवरला विचारायचं. टॉवरने हो म्हटलं तरच आम्ही आत. विमान यायचं झालं की टॉवर सांगणार, मग आम्ही विळे उचलून कुंपणाकडे पळायचं, विमान उतरलं की परत. दिवसातून कितीदा तरी.

सेटवर बहुतेक एका मुलीचा आवाज असायचा. आम्ही तिला टॉवरबाय म्हणायचो. तिला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. ती उंच काचेच्या खोलीत, आम्ही खाली गवतात. पण सर्दी झाली की आम्हाला कळायचं, आणि कुणावर चिडली की तेही कळायचं. चिडली की ती आणखी सावकाश बोलायची.

ते सगळं बोलणं इंग्रजीत. पण रोज तेच तेच शब्द असल्यामुळे थोडं थोडं उमजायला लागलं. आकडे आधी कळले. ते लोक नऊला नायनर म्हणतात. मला वाटलं होतं, त्यांना येत नाही. परशराम म्हणाला, तसं मुद्दाम म्हणायचं असतं, म्हणजे पाच आणि नऊ यांची गडबड होत नाही. सगळ्यात नवल मला याचं वाटायचं की टॉवरबाय काही सांगायची आणि पायलट तेच तिला परत सांगायचा. एवढी शिकलेली माणसं, आणि पोपटासारखी एकमेकांचं बोलणं परत बोलतात.

मी एकदा परशरामला विचारलं. तो म्हणाला, "हो म्हटलेलं चालत नाही बघा आक्का. हो काय, कोण पण म्हणतंय. ह्यानं काय ऐकलंय ते तिला कळाय पाहिजे की."

"आणि चुकीचं परत सांगितलं तर?"

"तर ती तिथंच धरते. बघा तुम्ही."

पुढे मी ते बघितलंही, म्हणजे ऐकलं. एका पायलटने उंचीचा आकडा चुकीचा परत सांगितला. टॉवरबाईने तिथल्या तिथे थांबवलं, "निगेटिव्ह" म्हणाली, आणि बरोबर आकडा एकेक करून सांगितला. एक परदेशी पायलट यायचा, हिवाळ्यात, गोऱ्या पाहुण्यांची विमानं येतात तेव्हा. तो नुसतं "रॉजर, रॉजर" करायचा, म्हणजे ऐकलं, ऐकलं. ती त्याला सोडायची नाही. तिसऱ्यांदा विचारायची, चौथ्यांदा विचारायची. शेवटी तो सगळं परत सांगायचा. शेवंती गवतातून म्हणायची, "घे! उतरलो मरे पोपट."

एकदा दोन विमानांचे नंबर सारखे होते, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. एकाला थांब म्हटलं आणि उत्तर दुसऱ्यानेच दिलं. तेव्हाही तिने पकडलं. मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या पंचायतीत असली एक बाय जाय आशिल्ली."

पण एक गोष्ट तिलाही पकडता येत नाही. सेटचं बटण दाबलं की माणूस बोलतो आणि सोडलं की ऐकतो. दोन्ही एकाच वेळी होत नाही. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर बाकीच्यांना नुसतं किरर्र ऐकू येतं. आणि त्या दोघांना वाटतं, आपण बोललो, आपलं पोचलं. कुणाचंच पोचलेलं नसतं. माझ्या माहेरी मांडवीच्या काठावरून पलीकडच्या होडीवाल्याला हाक मारायचे. पलीकडून ओ आली नाही तर माणूस पुन्हा हाक मारायचा, कारण पाणी मध्ये आहे हे डोळ्यांना दिसत असतं. इथे मध्ये काय आहे ते दिसत नाही.

आता त्या दिवसाचं लिहिते.

चतुर्थीला दोन दिवस होते. आम्ही सकाळपासून कुंपणाजवळच्या नाल्यातले वेल तोडत होतो. सड्यावर त्या दिवसांत काय नसतं! कवंडाळाची लालभडक फळं लोंबत होती, घागऱ्यांच्या शेंगा वाळून खुळखुळत होत्या. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. रानातली फळं, फुलं, शेंगा लाकडी चौकटीला टांगायची. म्हापशाच्या बाजारात सगळं विकत मिळतं, पण माझ्या सासूने कधी माटोळीचं सामान विकत आणलं नाही आणि मीही नाही. पूर्वी ह्याच सड्यावर आम्ही ते काढायला यायचो. आता मध्ये कुंपण आहे, आणि कुंपणाच्या आतली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा कायदा आहे.

वेल तर आम्ही तोडूनच टाकत होतो. ती फळं कुजणारच होती. मी चार कवंडाळं आणि घागऱ्यांची एक जुडी माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली. आणि दुपारी आम्ही धावपट्टीच्या कडेला आलो तेव्हा ते गाठोडं मी जीपमध्ये, ड्रायव्हरच्या सीटच्या बाजूच्या फटीत दाबून बसवलं. गेटवरचा शिपाई मागे बघतो, पुढे बघत नाही.

त्याच फटीत परशरामने सेट ठेवला होता. एरवी तो सेट हातातून सोडायचा नाही. पण पाऊस लागला होता, नाल्यात एक दगड अडकला होता, तो काढायला परशराम आणि बाकीच्या तिघी खाली उतरल्या होत्या. सेटचा आवाज मोठा असायचा, नाल्यातूनही ऐकू यायचा. म्हणून तो जीपमध्ये ठेवला. मी तो पाहिला नाही. गाठोडं त्याच्या बटणावर बसलं.

म्हणजे काय झालं, ते मला नंतर कळलं. आमचा सेट सतत बोलत राहिला. त्यामुळे टॉवरबाईचं कुणालाच ऐकू जाईना आणि पायलटचं तिला ऐकू येईना. आमच्या जीपमध्येही काही येईना. त्या सगळ्यांना फक्त आमची जीप ऐकू येत होती. आणि जीपच्या दाराशी पाणी पिणारी शेवंती.

शेवंती तिच्या जावेचं सांगत होती. जावेने यंदा तयार माटोळी आणली होती, प्लास्टिकची. "प्लास्टिकाचो केळयांचो घड गो! गणपतीक काय दात नाय म्हणून?" मग मला विचारलं, "तुजें कवंडाळ खंय?"

"सीटीच्या बाजूक."

"शिपायान पळयलें जाल्यार?" शिपायाने बघितलं तर काय, म्हणून ती विचारत होती.

मी जीपजवळच्या एका दिव्याभोवतीचं गवत कापत होते. तोंड टॉवरकडे होतं. सेट गप्प आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. पावसात कधी कधी विमानं उशिरा येतात, म्हणून असेल असं वाटलं. तेवढ्यात टॉवरच्या काचेत तांबडा दिवा लुकलुकताना दिसला. तो दिवा बंदुकीसारखा हातात धरून आपल्याकडे रोखतात. कामावर घेतलं त्या दिवशी आम्हाला त्याचं चित्र दाखवलं होतं. तांबडा लुकलुकला की हातातलं टाकायचं आणि धावपट्टीपासून लांब पळायचं.

मी ओरडले, "तांबडो दिवो! परशराम, तांबडो दिवो! भायर सरा!"

परशराम नाल्यातून वर आला. त्याने एकदा टॉवरकडे पाहिलं, एकदा ढगाकडे, आणि हाताने आम्हाला कुंपणाकडे लोटलं. जीप तिथेच राहिली. आम्ही धावत असतानाच ढगातून विमान खाली आलं. चाकं काढलेली, दिवे लावलेले. इतक्या जवळून मी विमानाचं पोट कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने नाक वर केलं, असा आवाज झाला की छातीत धडधडलं, आणि ते न उतरताच वर गेलं.

पायलटला उतरायची परवानगी ऐकू आली नव्हती. ऐकू आली नाही म्हणजे नाही, असं त्यांच्यात धरतात. मला हे अजून नवलाचं वाटतं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी गप्प बसले होते, आणि सगळ्यांनी ते हो धरलं.

परशराम परत जीपकडे धावला. फटीतून सेट ओढला तेव्हा गाठोडंही बाहेर आलं. सेटमधून एकदम टॉवरबाईचा आवाज आला, सावकाश, अगदी सावकाश. त्याने उत्तर दिलं, तिने सांगितलेलं परत सांगितलं, जीप बाहेर काढली. मग गाठोडं सोडून बघितलं. कवंडाळ बघितलं. आम्हा पाचही जणींकडे बघितलं. शेवंतीने माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"कुणाचं हाय ते मला सांगू नगा," परशराम म्हणाला, आणि गाठोडं नाल्यात फेकून दिलं.

ते विमान थोड्या वेळाने फिरून आलं आणि नीट उतरलं. माणसं पिशव्या घेऊन खाली उतरली असतील. त्यांना काय माहीत!

चतुर्थीची सुट्टी संपवून आले तर परशराम नव्हता. त्याला वर बोलावून विचारलं होतं. त्याने सांगितलं, माझा रेनकोट सेटवर पडला, चूक माझी. त्याचा पास काढून घेतला होता. पास नाही म्हणजे काम नाही. महिनाअखेर खोली सोडून गावी जाणार, असं गेटवरच्या शिपायाने सांगितलं.

मी त्या दुपारी त्याच्या खोलीवर गेले. त्याची बायको भांडी पोत्यात भरत होती. मी परशरामला म्हटलं, "मी सांगते साहेबांना."

"नगा आक्का. आत मुद्दाम काय नेलं-आणलं म्हटल्यावर पाचीजणींचं पास काढतील. माझं एकट्याचं गेलं. सेट माझ्या ताब्यातला होता, खरं की नाही?"

"खरें, पण गाठोडें माजें."

"मला ठाऊक हाय की. शेवंती मावशीनं तुमच्याकडं बघितलं तवाच कळलं."

शेवंतीला सांगितलं तर ती म्हणाली, "गप रव गो. तो आपणहून बोललो मगे? आता तूं कित्याक तोंड उगडतंस? जल्मात उगडूंक नाय तें." तिला भीती वाटत होती. मला तिचा राग आला नाही. तिच्या घरात तिचाच पगार येतो.

तोंडाने बोलणं मला जमणार नव्हतं. म्हणून घरी बसून कागदावर लिहिलं. गाठोडं माझं, त्यात काय होतं, कुठे ठेवलं, परशरामला माहीत नव्हतं, बाकीच्या चौघींचा संबंध नाही. शेवंतीने मला कवंडाळाचं विचारलं होतं, पण गाठोडं तिने केलं नव्हतं, तेही लिहिलं. खाली सही केली. कागद घेऊन टॉवरच्या इमारतीच्या दारात गेले.

"कोणाला द्यायचंय?" तिथल्या शिपायाने विचारलं.

मला नाव कुठे माहीत होतं! म्हटलं, "टॉवरबायेक."

तो हसायला लागला. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याला हिंदीत विचारलं, बस आली का म्हणून. मी वळले. छत्री झटकणारी बारीकशी मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची, केसांत मोगऱ्याचा गजरा. तोच आवाज. मी कागद तिच्यापुढे धरला. तिने उलटसुलट करून पाहिला. ती दक्षिणेकडची, तिला मराठी वाचता येत नव्हतं.

"आप ही पढ़कर सुनाइए," ती म्हणाली.

तिने बस सोडली आणि मला वर नेलं. मोठे साहेब त्याच दिवशी सुट्टीवरून आले होते. ते फोंड्याकडचे, आपली भाषा जाणणारे. त्यांनी खुर्ची दिली, मी बसले नाही. उभ्याने वाचलं. पहिल्या ओळीला अडखळले. टॉवरबाईने पाणी दिलं. मी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. कागद दोन्ही हातांनी धरला. शेवटपर्यंत वाचलं.

साहेबांनी समोरचा अहवाल ओढला आणि त्यात कुणीतरी ऐकू आला तसा इंग्रजीत लिहिलेल्या एका शब्दाखाली रेघ मारली. मग म्हणाले, "कवंडाळ! तेच होय ते." सेटवरचं सगळं बोलणं तिथे आपोआप टेप होतं. त्या दिवशीची टेप त्यांच्याकडे होती. पण कामावर असलेल्यांना आमची बोली कळत नव्हती, आणि परशरामने रेनकोटचं सांगितल्यावर कुणी पुढे चौकशी केली नव्हती.

त्यांनी टेप लावली. शेवंतीची जाऊ आली, प्लास्टिकचा केळ्यांचा घड आला. साहेबांना हसू आवरेना. टॉवरबाय विचारत होती, क्या बोला, क्या बोला. मग शेवंतीचा प्रश्न आला आणि माझा आवाज, "सीटीच्या बाजूक." माझा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. आईचा वाटला. तो आकाशात पायलटने ऐकला होता.

"म्हणजे तुम्ही वाचलंत ते खरं," साहेब म्हणाले. त्यांनी पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "हिने दिवा लावला तो इथे."

टेप पुढे चालू होती. शेवंती शिपायाबद्दल काहीतरी म्हणाली आणि पाण्याची बाटली घेऊन लांब गेली असावी. मग नुसता पाऊस. पावसात एक बारीक आवाज, थांबून थांबून येणारा. मग माझी हाक. ती इतकी मोठी होती की टॉवरबाय खुर्चीत दचकली.

"तुम्हाला पावसात दिवा उशिरा दिसला, पण दिसल्याबरोबर हाक मारलीत," साहेब म्हणाले. "आमची सगळी साधनं बंद होती, तेव्हा तुमच्या आवाजाने माणसं बाहेर निघाली. हे मी लिहून घेतो. परशरामलाही त्याचा फायदा होईल."

मी मान हलवली.

परशरामचा पास परत मिळाला. ताकीद मिळाली आणि आठ दिवसांची शिकवणी. आता तो सेट गळ्यात दोरीने बांधतो. माझा आतला पास गेला. ते बरोबरच आहे. शेवंती आणि बाकीच्या तिघी आतच आहेत. मी आता गाड्या थांबतात तिथल्या बागेत पाणी घालते. विमानं दिसतात, बोलणं ऐकू येत नाही. त्याचं मात्र वाईट वाटतं. परशराम येता-जाता म्हणतो, "आक्का, तुम्ही बोलला म्हणून माझं घर राहिलं." त्याच्या बायकोने मला साडी दिली. साहेबांनी लिहिलेला तो कागद त्याच्या फायलीत आहे, त्यावर माझं नाव आहे.

त्यात एक गोष्ट बरोबर नाही. ती मी त्या दिवशी सांगायला हवी होती. पण माझा धीर तेवढाच होता, तो कागद वाचण्यात संपला. आणि सांगितली असती तर परशरामचा फायदा कमी झाला असता की काय, हे मला कळत नव्हतं. अजून कळत नाही. म्हणून इथे लिहिते.

दिवा लागल्याबरोबर मला दिसला होता. तांबडा, लुकलुकता, आमच्याकडेच रोखलेला. मला त्याचा अर्थही माहीत होता. पण मनात आलं, परशरामने पाहिला असेल. सेटवर तर काही आलं नाही. मी ओरडले आणि तसं काही नसलं तर शेवंती आठ दिवस मला चिडवील. टेपमध्ये पावसात तो थांबून थांबून येणारा बारीक आवाज माझ्या विळ्याचा आहे. साहेबांना तो ओळखू आला नाही, मला आला, आणि मी उभ्या उभ्या तो मोजला. दिवा दिसल्यावर मी आणखी सात मुठी गवत कापलं.